एका आवाजातलं उत्तर

आमच्या चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थना लिहून वाचायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे होतं. मी शाळेत मास्तर, अक्षर बरं, आणि फादरांना नाही म्हणायचा धीर नाही. आजाऱ्यांसाठी, पावसासाठी, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी मी एकेक वाक्य वाचायचो आणि त्यामागे सगळं चर्च एका आवाजात म्हणायचं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." मी नेमकं काय वाचलं, याकडे कितीजणांचं लक्ष असतं हा प्रश्न मला कधी पडला नाही. मास्तरला तरी पडायला हवा होता.

२०१४च्या निवडणुकीआधी जुन्या फादरांनी प्रवचनात बजावलं होतं, देव न मानणाऱ्यांना मत देऊ नका. तशी प्रार्थनाही माझ्याकडून लिहून घेतली. लोकांनी खणखणीत उत्तर दिलं आणि त्याच देव न मानणाऱ्यांची जी निशाणी आजोबांच्या वेळेपासून घरात चालत आली होती, तिच्यावरच बटण दाबून आले. माझा थोरला भाऊ हसत म्हणाला, "फादरला वाईट नाय वाटलं पायजे. पण मत आपलं हाय."

पुढे ते फादर बदलून गेले आणि वसईकडचे एक तरुण फादर आले. मोटारसायकलवरून पाड्यापाड्यांत फिरायचे, कुणाच्याही ओट्यावर बसून नाचणीची भाकर खायचे. त्याच सुमारास तलासरीच्या आमच्या बाजूला बांधांवर लाल रंग फासलेले दगड दिसू लागले. नवा रस्ता जाणार होता म्हणे. दगड पुरताना कुणी कुणाला पाहिलं नव्हतं. आधी ते ओढ्यापलीकडे होते, मग अलीकडे आले, आणि एका सकाळी भावाच्या विहिरीला लागून एक उभा होता. भाताचा एक तुकडा आणि ती विहीर, एवढंच त्याच्याकडे होतं.

नव्या फादरांनी प्रवचनात जमिनीचा विषय काढला. रोममधले पोपसाहेबसुद्धा गरिबांच्या आणि धरतीच्या बाजूने बोलतात, मग आपण गप्प का, असं विचारलं. मी प्रार्थना लिहिली, "आमची जमीन न सोडण्याचं बळ आम्हांला दे." उत्तराने छपराचे पत्रे दणाणले.

"मास्तर, लोक बदलले," फादर नंतर मला म्हणाले.

मीही हो म्हणालो आणि संध्याकाळी तेच भावाला जाऊन सांगितलं. रस्त्याला जमीन द्यायची का, हे विचारणारी ग्रामसभा आठ दिवसांवर होती.

"सगळे हात वर करतील?" त्याने विचारलं.

"सगळे. मी कानांनी ऐकलंय."

"तू?"

"मी तर असणारच, दादा."

दोन दिवसांनी कासाहून येताना मी चारोटीला उतरलो. एका हॉटेलात रस्त्यासाठी जमीन मोजणारे मोजणीवाले चहा पीत बसले होते, आणि त्यांच्याच टेबलावर आमच्या चर्चचे दोन म्हातारे, दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारे. मला पाहून त्यांनी मान खाली घातली. ते मी भावाला सांगितलं नाही. माणसं चहा पिणारच, असं मनाशी म्हणालो.

ग्रामसभेला शाळेचं पटांगण भरलं होतं. समोरच्या खुर्च्यांवर साहेब बसले होते. माझ्या नोकरीच्या कागदावर सही करणारेही त्यांत होते. "रस्त्याला विरोध असेल त्यांनी हात वर करा," असं साहेबांनी म्हणताच भाऊ उठून उभा राहिला. हात वर केला. दुसरा एकही हात वर गेला नाही. त्याने मागे वळून ओळीओळीने पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे. माझा हात मांडीवर होता. तो मांडीवरच राहिला. साहेबांनी भावाला नाव विचारलं, सावकाश लिहून घेतलं आणि कागद खिशात घातला.

त्यानंतर कासाच्या जीपमध्ये त्याला कुणी सरकून जागा देईना. एक पांढरी गाडी त्याच्या बांधावर येऊन नुसती उभी राहायची, कुणी उतरायचं नाही. फादर एकटे तालुक्याला खेपा घालत राहिले आणि वर्षाच्या आत त्यांची बदली झाली. जाताना मला म्हणाले, "मास्तर, आपण ऐकण्यात चुकलो." ते भले माणूस होते. मी भित्रा होतो, त्याला ऐकण्यातली चूक म्हणणं हा त्यांचा मोठेपणा.

२०१९मध्ये तिसरे फादर आले. त्यांनी माझ्याकडून विकासासाठी प्रार्थना लिहून घेतली, आणि चर्चने तितक्याच जोरात उत्तर दिलं. भाऊ शेजारी होता. त्याचे ओठ मिटलेले होते. त्याच्या विहिरीत तोवर रस्त्याचा मुरूम पडला होता.

मग उपासनेत शेजाऱ्याला हात जोडून शांती चिंतायची वेळ आली. भाऊ माझ्याकडे वळला, हात जोडले आणि हळूच म्हणाला, "तुला शांती मिळो, मास्तर." आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला मास्तर म्हटलं होतं.