होडीवरचा मांडव

गेणभाऊला देवानं सगळं दिलं, पण एखादी वस्तू आहे तशी राहू देण्याची अक्कल तेवढी द्यायची विसरला. सायकल घेतली तर तिला मोटारसायकलचा आरसा बसवला. लेकानं हौसेनं नवा मिक्सर आणला, तर दुसऱ्या दिवशी त्याचं बूड उघडून बसला. साळुबाई म्हणायची, "ह्या माणसाच्या हाताला खाज हाय, औषध न्हाई त्याला." आणि त्यावर गेणभाऊ हसायचा. बायको आपलं कौतुक करतेय असंच त्याला वाटायचं.

अशा माणसाच्या हाती होडी लागली, मग काय विचारता!

पावसाळ्यानंतर पिंपळगाव जोग्याचं धरण तुडुंब भरलं की मढ आणि गेणभाऊची वाडी यांच्यामध्ये नुसतं पाणीच पाणी. रस्त्यानं वळसा घालून जायचं तर जीपमध्ये हाडं खिळखिळी होतात. म्हणून वाडीत दोन होड्या. एक धर्माजीची, लाकडी, जुनी, दर वर्षी डांबर फासून तशीच चालवलेली. दुसरी गेणभाऊची, पत्र्याची. ती जुन्नरच्या पीरमहंमदनं वेल्डिंग करून दिली होती. ताब्यात देताना तो म्हणाला होता, "भाऊ, वजन तळाला ठेवा. वर काय चढवू नका. बाकी मग तुमी अन् तुमची होडी."

गेणभाऊनं त्यातलं "तुमी अन् तुमची होडी" एवढंच लक्षात ठेवलं. बाजूंना जुने टायर बांधले, म्हणजे काठाला होडी आपटत नाही. ते चांगलंच झालं. पाण्याच्या पंपाचं जुनं इंजिन लांब दांड्यावर बसवलं, तेही चाललं. भंगारातल्या जीपची गादी आणून बाकड्यावर ठोकली, रोज शाळेला पाण्यावरून ये-जा करणाऱ्या मास्तरणी खूश झाल्या. पुढं रिक्षाचा भोंगा लावला. आता भर पाण्यात कुणाला बाजूला सरकवायचं होतं, देव जाणे. धर्माजी चिडवायचा, "गेणभाऊ, आता हिला चाकं लाव अन् नारायणगावला मोंढ्यात ने."

साळुबाईनंही एकदा होडीला आपली एक वस्तू लावली होती. नाकाडाला लिंबू-मिरची. गेणभाऊनं ती त्याच दिवशी काढून पाण्यात फेकली. "इंजिन लावलंय मी, इंजिन! लोकं हसतील." साळुबाई काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे विसरली, असा गेणभाऊचा समज. संसार एवढा झाला तरी माणसाला कळलं नाही, आता काय बोलावं!

तर त्या ऑक्टोबरात लेक प्राची येणार होती. जुन्नरच्या दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी झाली. महिनाभर तिला मावशीकडं जुन्नरलाच ठेवलं होतं, आणि आता माय-लेकी पहिल्यांदा माहेरी यायच्या होत्या. साळुबाईचं म्हणणं, जीपनं आणू. गेणभाऊ उसळला. "त्या खड्ड्यांतनं? वली बाळंतीण हाय, टाके उसवतील तिचे. माझी होडी असताना माझी नात जीपनं यायाची व्हय?"

"वरनं ऊन किती लागतंय पाण्यावर!"

"मांडव घालतो की!"

आणि घातला. त्यानं आयुष्यभर टोमॅटोला तार-काठी केलेली. वारं आलं तर पीक झोपू नये म्हणून बांबू कसे आवळायचे हे त्याला झोपेतही जमायचं. तीच विद्या त्यानं होडीवर चालवली. कडेनं बांबू उभे केले, वर आडवे टाकले, त्यावर ताडपत्री. तान्ह्याला वारं लागायला नको म्हणून मागची बाजू आणि पुढं वाट बघायला एक फट सोडून बाकी तिन्ही बाजूंनी ती खालपर्यंत सोडली, आणि कड्यांमधून नायलॉनची दोरी ओवून दुहेरी गाठी मारल्या. गाठी अशा, की ओल्या झाल्या तर देवालाही सुटू नयेत. धर्माजीनं बघून मान हलवली. "लई बंदिस्त केलंस रे."

"बाळाला वारं लागतं, धर्माजी."

"बाळाला लागायचं ते समदं होडीला लागंल ना आता."

गेणभाऊनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

आणायच्या दिवशी साळुबाई आणि लेक भरत सकाळीच होडीनं मढला गेली. होडी तिथं बांधून एसटीनं जुन्नर, आणि दुपारी प्राचीला घेऊन त्याच वाटेनं परत, असं ठरलं होतं. बाळंतीण, बाळ, पेट्या, गाठोडी, त्यात आपलं वजन कशाला, म्हणून गेणभाऊ घरीच राहिला. गाईला गवत कापावं म्हणून विळा शोधायला लागला, तर विळा गायब. खरं तर हा विळा होडीतलाच. इंजिनाच्या पंख्यात शेवाळ अडकलं की कापायला तो बाकड्याखाली ठेवलेला असे. आदल्या दिवशी त्यानंच तो गवतासाठी घरी आणला होता. त्यानं पडवी बघितली, गोठा बघितला, बांध बघितला. "ह्या भरतला वस्तू जागच्या जागी ठेवायला कधी जमायची!" असं बडबडत शेवटी हातानंच गवत उपटलं.

दुपार कलली तसं आभाळ बदललं. माळशेजच्या अंगाला काळं जमलं, आणि ऊन असतानाच अंगावर गार झुळूक आली. गेणभाऊला एरवी ती बरी वाटली असती. आज त्यानं हातातलं गवत तिथंच टाकलं. तो काठावर आला तेव्हा धर्माजी आपली होडी पालथी घालून तिला डांबर लावत बसला होता. पलीकडून इंजिनाचा आवाज आला. मढच्या काठावरून होडी सुटली होती.

"कशाला सोडली ह्यानं? आभाळ दिसत न्हाई का गाढवाला?" गेणभाऊ पुटपुटला. पण पेट्या चढवायच्या घाईत वर न बघितलेल्या भरतला आता आभाळ दिसणार कुठून? मढकडून येताना माळशेज डाव्या अंगाला, आणि डाव्या अंगाला तर त्यानं स्वतःच ताडपत्री सोडलेली.

होडी मध्यावर आली आणि वारं आलं. झुळूक नव्हे, परतीच्या पावसाआधीचं ते पिसाळलेलं वारं. पाणी एकदम काळवंडलं, त्यावर लाटा उठल्या, आणि ताडपत्री गपकन फुगली. होडी एका अंगावर कलली. ती सावरली, पुन्हा कलली, आणि सरळ यायची सोडून आडवी वाहत निघाली. इंजिन ओरडत होतं, पण होडी आता इंजिनाचं ऐकत नव्हती, मांडवाचं ऐकत होती.

"आयला! मांडव उडायला पायजे व्हता..." धर्माजी म्हणाला.

उडणार कसा? गेणभाऊनं बांधला होता. रानात जितकं घट्ट बांधावं तितकं चांगलं, एवढंच त्याला ठाऊक. पाण्यावरचं छप्पर वेळेला सुटून जायला पाहिजे, हे त्याला आत्ता, इथं, काठावर उभं राहून कळत होतं. सगळ्यांच्या अंगावर तरंगायची जाकिटं होती, ती त्यानंच आणलेली. पण तान्ह्याच्या मापाचं जाकीट कुठं मिळतं? आणि मिळालं असतं तरी काय, होडी उलटली तर ताडपत्रीच्या आत कोंडलेली माणसं आतच राहणार. उंदराला सापळा लावावा तसा आपण आपल्या नातीला लावला, असं त्याच्या मनात आलं.

त्यानं भरतला फोन लावला. वाजत राहिला. भरत इंजिनाचा दांडा सोडून फोन घेणार तरी कसा? दांडा सोडला की खेळ खलास. मग प्राचीला लावला. तिनं उचलला. आतून ताडपत्रीचा फडफडाट आणि बाळाचं रडणं ऐकू आलं.

"प्राचे! दोऱ्या काप! मांडवाच्या दोऱ्या काप!"

"काय? नाय ऐकू येत, आप्पा! आप्पा, लई हलतीया..."

फोन तुटला. आणि मग गेणभाऊला आठवलं. काप म्हणालो, पण कशानं? होडीतला विळा मीच काल काढून आणला. चार मुठी गवतासाठी काढला आणि आता तो कुठल्या बांधावर पडलाय तेही माहीत नाही. त्याच्या गाठी हातानं सुटणाऱ्या नव्हत्या. आपल्या गाठींचा त्याला केवढा अभिमान!

"धर्माजी, तुझी होडी घाल पाण्यात!"

"आरं, डांबर वलं हाय! फटी उघड्या हायेत समद्या!"

"घाल म्हणतो ना! माझी पोरं हायेत ती!"

दोघांनी होडी सुलटी केली, ढकलली. डांबरानं हात बरबटले. चार-सहा वल्ही मारली नाहीत तोच पाणी घोट्यापर्यंत आलं. धर्माजी डबा घेऊन उपसू लागला. उपसे त्याच्या दुप्पट आत येई. "माघारी फिर, गेणभाऊ! आपण बुडून त्यांना काय फायदा?" गेणभाऊ ऐकेना. तो वल्हं मारतच राहिला, आणि होडी खाली खाली बसत गेली, शेवटी दोघंही छातीएवढ्या पाण्यात उभे. तिथूनच गेणभाऊ बघत होता. त्याच्या डोळ्यांदेखत त्याची पत्र्याची होडी इतकी कलली की तिचं बूड दिसलं. त्यानं डोळे मिटले. "खंडेराया, माझे हात तोड, पण ती पोर..."

"गेणभाऊ! आरं बघ, बघ!"

ताडपत्रीचा एक कोपरा सुटला होता. मग दुसरा. मग एका बाजूच्या दोऱ्या तटातट तुटल्यासारखी अख्खी ताडपत्री वर उठली, बांबूंना एक हिसका देऊन बाहेर पडली आणि निळीच्या निळी पाण्यावर पसरली. होडी धाडकन सरळ झाली. उघड्या होडीत हिरव्या लुगड्यातली साळुबाई गुडघ्यावर बसलेली दिसली, आणि तिच्या पाठीशी बाळाला पोटाशी धरून वाकलेली प्राची. भरतनं होडीचं नाक वाऱ्याकडं वळवलं. मग हळूहळू, लाटांवर आपटत, ती काठाकडं येऊ लागली.

ती येईपर्यंत पाऊस सुरू झाला होता. टायर काठाला टेकले. प्राची उतरली ती रडतच. भरतचे हात दांड्यावरून सुटेनात, धर्माजीनं ते सोडवले. सगळ्यांत शेवटी साळुबाई उतरली. तिच्या हातात विळा होता.

गेणभाऊ बघतच राहिला. "ह्यो... ह्यो कुठं व्हता?"

"बाळाच्या उशाखाली." साळुबाईला धाप लागली होती. "तान्हं लेकरू पहिल्यांदा पाणी वलांडनार, लोखंड नगं का जवळ? सकाळी मुद्दाम नेला गाठोड्यात घालून. तुमाला सांगितलं असतं तर काढून ठेवला असता. लोकं हसतात ना तुमाला!"

गेणभाऊ चिखलात तसाच खाली बसला. धर्माजीनं पुढं होऊन प्राचीच्या डोक्यावर गोणपाट धरलं आणि सगळी घराकडं निघाली. गेणभाऊ मागून आला. ताडपत्री पाण्यावर लांब निघाली होती, तिच्याकडं त्यानं वळूनही बघितलं नाही.

घरी चुलीपाशी बाळाला शेकलं, पुसलं, कोरड्या दुपट्यात गुंडाळलं. ते थकून झोपलंसुद्धा. गेणभाऊ उंबऱ्यापाशी अंग चोरून उभा होता. डांबर घासून घासून त्यानं हात लाल केले होते.

"आप्पा, घ्या की हिला," प्राची म्हणाली.

"नगं. ह्या हातांनी नगं."

"मांडीवर घ्या मग," साळुबाई म्हणाली आणि त्याच्या मांडीवर बाळ ठेवलंच. गेणभाऊनं बाळाकडं बघितलं. एवढंसं नाक, एवढ्याशा मुठी, कानावर मऊ लव. काही म्हणता काही कमी नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता.

साळुबाईनं पदरानं त्याचे डोळे पुसले. मग जरा दरडावूनच म्हणाली, "हाय तशी ऱ्हाऊ द्या बरं का. हिला काय बसवू नगा."

"न्हाई," गेणभाऊ म्हणाला. "कायबी न्हाई."