पाहुण्यांना दिलेली पहिली रांग

माझ्या नवऱ्याला पाहुण्यांचं वेड आहे. वडनेर भोलजीला हायवेला लागून आमचा भाजीचा मळा. रस्त्यानं जाणारा कोणीही सावलीला थांबला की हा माणूस त्याला पाणी पाजतो, चहा पाजतो आणि निघताना पिशवीत चार वांगी टाकून देतो. गावातल्या कबड्डीच्या सामन्यांची व्यवस्थाही त्याच्याकडेच असते. आमच्याकडची रीत अशी, की रेषेलगतच्या सतरंज्या बाहेरगावच्या लोकांना द्यायच्या आणि गावकऱ्यांनी मागं उभं राहायचं. मग बाहेरगावचे आमच्या पोरांच्या कानाशी बोंबलतात आणि आमचे लोक टाचा उंच करून बघतात. आम्ही बहुतेक वेळा हरतो. पाहुणे पोटभर जेवून, गावाचं कौतुक करून जातात आणि नवरा पुढचा आठवडाभर खुशीत असतो. मी शाळामास्तरीण, मला हे कधीच पटलं नाही. "अहो, आपल्या मैदानात आपलेच लोक मांगं काऊन?" असं मी विचारते आणि तो नुसता हसतो.

आमची एकुलती एक लेक फुटबॉल खेळायची. लहान असतानाच तिला सरकारी क्रीडा वसतिगृहात घेतलं. तेव्हापासून ती घरी फक्त सुट्टीपुरती यायची. घरात आली की भांडण सुरू. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून भांडण, पंखा कमी केला म्हणून भांडण. बापावर तर ती असा आवाज चढवायची की शेजारीण डोकावून जायची. बापाला त्याचंही कौतुक. पुढं ती देशाच्या संघात गेली. गावानं फलक लावला. पण मैदानात उतरायला मिळेना, नुसती बाहेरच्या बाकावर बसून होती.

मग एक दिवस तिचा फोन आला. शेजारच्या देशाबरोबर सामना होता. या दोन संघांचं हाडवैर जुनं.

"आई, या मॅचमधी मले उतरवनार हायेत. जागा एक हाय अन् पोरी दोघी. यावेळी नाही जमलं त थे मले घरी पाठवतीन."

"जमते व. काऊन नाही जमनार?"

मग म्हणाली, "तुम्ही या. गावातले घेऊन या. तठी सारी पब्लिक त्यायचीच राह्यते."

"आपल्या देशात?"

"हाव. आपल्या पोरीयची मॅच पाह्याले कोन तिकीट काढते? मी डाव्या बाजूनं पळतो. त्याच बाजूची पहिली रांग मी तुमच्यासाठी मांगून घेतली. मले आपल्या भाषेत हाक मारजा. एक जरी आवाज ओळखीचा आला ना, त मले काही होत नाही."

एवढंच तिनं मागितलं होतं.

आम्ही गावातले दहा-बारा जण नांदुऱ्याहून गाडीत बसलो. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, सगळा सरंजाम बरोबर. सामना होता ते पूर्वेकडचं शहर सरहद्दीपासून फार लांब नाही. पाहुण्या देशाची आणि त्या शहराची बोली एकच. स्टेडियमच्या बाहेर पोचलो. आमच्या बाजूच्या तिकीट खिडकीवरचा माणूस पेपर वाचत बसला होता. पलीकडच्या खिडकीवर मात्र झेंडे, ढोल, तोंडं रंगवलेली पोरं, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, आणि रेटारेटी. त्यांची बाजू भरून गेली तेव्हा उरलेल्यांना आमच्या बाजूच्या वरच्या मजल्याची तिकिटं विकली. विकतील नाहीतर काय करतील? आपल्या लोकांनी घेतलीच नव्हती.

आम्ही पहिल्या रांगेत बसलो. मैदानाची पांढरी रेषा इतकी जवळ होती की तिथं उभ्या माणसाला हळू आवाजातही हाक ऐकू गेली असती. मला बरं वाटलं. तेवढ्यात एक म्हातारी दोघा सुनांच्या खांद्यावर हात टाकून आमच्यासमोर येऊन उभी राहिली. मागं तिचा सगळा गोतावळा, गळ्यात त्यांच्या देशाचे पट्टे. म्हातारीनं वरच्या पायऱ्यांकडं बोट दाखवलं, मग आपल्या गुडघ्यावर हात ठेवला.

नवरा उठला.

"बसा," मी म्हणाले. "हे जागा आपली नाही. पोरीची हाय."

"अवं, म्हातारी हाय. परदेशातून आली. पाहुणे हायत थे."

"म्हातारीले एक जागा द्या न. सारं खटलं कायले?"

"लेकरं-बाळं हायत संगं. त्यायले वर कसं पाठवावं?" आणि तो आमच्या लोकांकडं वळला. "चला रे, आपन वर बसू. दिसते तठूनही."

आणि आमचे लोक उठले हो! जन्मभर ज्यांनी सतरंज्या सोडल्या ते इथं काय वेगळं करणार होते? एकानं तर म्हातारीला बसायला स्वतःची शाल अंथरून दिली. मी एकटी बसून राहिले असते. पण त्या गर्दीत, त्या झेंड्यांमध्ये एकटी बाई किती वेळ बसणार? मीही उठले. वर जाताना माझा नवरा प्रसन्न दिसत होता.

वरून माणसं बोटाएवढी दिसत होती. सामना सुरू झाला आणि खालचा तो गोतावळा उठून उभाच राहिला. म्हातारीच्या गुडघ्यांचं मला ठाऊक नाही, पण तिची छाती ठणठणीत होती. ढोल, शिट्ट्या, त्यांची गाणी. आमची एखादी पोरगी चेंडूला शिवली की हुर्यो. आम्ही घसा फाटेस्तोवर ओरडलो, पण आमचा आवाज आमच्याच डोक्यावरच्या पत्र्याला लागून परत येत होता.

मध्यंतरानंतर लेक उतरली. सुरुवातीला ती चांगली पळाली, खोटं कशाला बोलू. मग चेंडू डाव्या रेषेबाहेर गेला आणि तो आत फेकायला ती धावत आली, नेमकी त्या पहिल्या रांगेसमोर. चेंडू डोक्यावर धरला आणि तिनं मान वर केली. रांगेवरून तिची नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मग परत आली. मी वर उभी राहून दोन्ही हात हलवत होते, तिला घरच्या नावानं हाका मारत होते. नवराही मारत होता. त्याचा आवाज मला शेजारी असून ऐकू येत नव्हता. खाली म्हातारीचा गोतावळा तिच्या तोंडावर झेंडे नाचवत होता. पंचानं घाई करायची शिट्टी दिली. तिनं चेंडू फेकला तो थेट त्यांच्या पोरीच्या पायात. ती पोरगी तशीच निघाली, मधे कोणी नव्हतं, आणि गोल झाला.

तेवढ्या एका गोलावर सामना गेला. लेकीला तर त्या गोलानंतर थोड्याच वेळात बाहेर काढलं होतं.

नंतर संघाच्या बसपाशी लोखंडी कठड्याच्या पलीकडून ती आमच्याकडं आली. आम्हाला बघून चपापली.

"तुम्ही आले होते?"

"हाव," नवरा म्हणाला. "वर होतो. तठी." त्यानं बोट दाखवलं. "एक म्हातारी होती, पाय दुखत होते तिचे. पाहुणे होते. मीच देल्ली जागा."

मी वाट पाहत होते. आता ही ओरडेल, कठड्यावर मूठ आपटेल, सगळ्यांसमक्ष बापाची लाज काढेल. काढावी, असं मला मनापासून वाटत होतं. तिनं त्या वरच्या मजल्याकडं एकदा पाहिलं.

"बरं केलं बाबा," ती म्हणाली. "जेवले का तुम्ही?"

आणि बसमध्ये जाऊन बसली.

काही दिवसांत तिला घरी पाठवलं. आता ती आमच्याजवळच असते, खामगावला नोकरीला जाते. सगळे म्हणतात, पोरगी किती शांत झाली. भाजीत मीठ जास्त पडलं तरी खाते. बापाला वेळेवर चहा देते, त्याच्या गोळ्या आठवणीनं काढून ठेवते. तिचं एकही वागणं नाव ठेवण्यासारखं नाही. मला मात्र ती घरात वावरताना पाहून रडू येतं. मी तिच्या बापाला कितीतरी वेळा घालून पाडून बोलले, पण माझ्या बोलण्यानं त्याचं काय होणार? ज्या एका तोंडातून त्याला ऐकायचं आहे ते बोलतच नाही.

परवा पुन्हा त्याच दोन संघांचा सामना होता. नवरा पडवीत मोबाईल धरून बसला होता, आवाज पूर्ण बंद करून. पडद्यावर माणसांचा समुद्र उसळत होता आणि घर मुकं होतं. लेक पाण्याचा ग्लास घेऊन आली, त्याच्यापाशी ठेवला, खेळाकडं नजर न टाकता म्हणाली,

"आवाज वाढवा न बाबा. मले काही नाही होत."

त्यानं वाढवला नाही. ती थोडा वेळ थांबली आणि आत गेली.