खडपावरची आई

नातवाच्या लग्नातल्या अक्षता अजून सोफ्याच्या फटीतून निघत होत्या, तेवढ्यात माझ्या मुलाने विषय काढला. नव्या सुनेने कुलदेवीची ओटी भरायची, ही आमच्याकडची पद्धत. देवी कोकणात, समुद्रावर. आणि ती डोळ्यांनी पाहिलेलं घरात आता एकच माणूस उरलंय, ते म्हणजे मी.

"आई, जागा आठवते ना तुला?"

"डोळे मिटून नेते," मी म्हणाले.

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला अजून कळलेलं नाही. बहुधा नव्या नातसुनेसमोर भाव खायचा होता. ती उल्हासनगरच्या कॅम्प चारची, सिंधी घरातली. आमच्या बदलापूरच्या, कात्रपमधल्या फ्लॅटमध्ये येऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता आणि ती माझ्याकडे अशी बघत होती, की आजी म्हणजे सगळं माहीत असलेलं माणूस. असं कुणी बघितलं की मला थापा सुचतात.

खरं सांगायचं तर देवीचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं. माझे सासरे पोरवयात समुद्रकाठचं गाव सोडून अंबरनाथला कारखान्यात लागले. गावचं घर पडलं, भाऊबंद पांगले, आणि सगळे नुसतं 'गावी' म्हणत राहिल्याने गावाचं नावही विसरलं गेलं. घरात देवीला सगळे 'खडपावरची आई' म्हणत. खडप म्हणजे भरतीला बुडणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा काळा कातळ. त्या किनाऱ्यावर खडप नाही अशी जागा दाखवा, मी तुम्हाला चहा पाजते.

लग्नानंतर सासूबाई मला आणि ह्यांना तिकडे घेऊन गेल्या होत्या. तेव्हाची मी कशी होते, ते ऐका. माहेर अंबरनाथ पूर्वेचं. जुनं दगडी शिवमंदिर घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे देवळांच्या बाबतीत बाईसाहेबांना फार गर्व. कौलारू छपराचं, पिवळ्या भिंतींचं ते बुटकं देऊळ बघून ही म्हणते कशी, "एवढंच?" सासूबाईंनी ऐकलं. ह्यांनीही ऐकलं. त्यातून पायात टाचेच्या सँडल, खास उल्हासनगरच्या बाजारातून घेतलेल्या. खडपावर त्यांतली एक फटीत अडकली आणि बंद तुटला. हे हसले. मग मी रुसले आणि एका तोफेवर जाऊन बसले, समुद्राकडे पाठ करून. नायलॉनच्या साडीत वारा भरून माझा फुगा झाला होता आणि तशाही अवस्थेत मी स्वतःला फार देखणी समजत होते. देवीपुढे उभी राहिले तेव्हा सगळं लक्ष पायातल्या चपलेवर, कारण ती सासूबाईंची होती आणि मला दोन बोटं मोठी होत होती.

तर माझ्याकडे पुरावा एवढाच. पिवळी भिंत, तोफ, खडप आणि तुटलेला बंद. देवीचा चेहरा शून्य.

मुलाने दोन दिवसांची रजा काढली, शनिवार-रविवार जोडला. माझी सून शाळेत शिकवते, तिचे पेपर तपासायचे राहिले होते, म्हणून ती आली नाही. पण ओटीची तयारी तिनेच करून दिली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, हिरव्या बांगड्या, सगळं एका नव्या पिशवीत. "आई, जपून हं. एकच खण आहे, आजीबाईंच्या वेळचा." म्हणजे माझ्या सासूबाईंनी जपून ठेवलेला, देवीसाठीच. पिशवी माझ्या मांडीवर आली आणि पनवेल येईपर्यंत मी तिची गाठ तीनदा सोडून बांधली. आता मी जिथे बोट दाखवीन तिथे हा खण जाणार. बोट चुकलं, तर चुकलंच. मी गेल्यावर दुरुस्त करायलाही कुणी नाही.

नातू गाडी चालवत होता, माझा मुलगा त्याच्या शेजारी. नातसून आणि मी मागे.

"आजी, रास्ता याद आहे ना?" तिने विचारलं.

"रस्ता काय, तेव्हा एसटीने आलो होतो. एसटीला विचार."

मुलाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. तो त्याच्या बापासारखा बघतो, न बोलता.

पहिलं देऊळ हरिहरेश्वरच्या अलीकडचं. आधी हरिहरेश्वरला जाऊन खडकांवरून प्रदक्षिणा केली. म्हणजे तिघांनी केली. मी पायऱ्यांवर बसून लाटांनी कोरलेल्या दगडांकडे बघत बसले. मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं. पाणी आत जातं, फेस होऊन बाहेर येतं. मला एकदम वाटलं, हेच. मी इथेच बसले होते. मग वाटलं, पण इथे तोफ कुठाय. तेवढ्यात सरबतवाल्याने सांगितलं की अलीकडच्या वाडीत देवीचं एक देऊळ आहे, खडपाला लागून. पिवळी भिंत? त्याने विचार केला. "पिवळी होती. आता टाइल्स लावल्यात."

मी तर मनात टाइल्स खरवडूनच बघायला लागले. देवळात गेल्यावर गुरवाने विचारलं, "कुठचे तुम्ही?"

"बदलापूर," मुलगा म्हणाला.

"मूळ गाव?"

आम्ही चौघे एकमेकांकडे बघायला लागलो. गुरवाला सवय असावी. तो म्हणाला, देवीलाच विचारू, कौल लावू. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. त्याने खणखणीत गाऱ्हाणं घातलं. बा आये, ही लेकरं आपली देवी हुडकत आलीत, तू त्यांची असशील तर उजवा दे. आम्ही "होय महाराजा" म्हणालो. नातसून सगळ्यांत जोरात म्हणाली.

कळ्या हलल्या नाहीत. एकही नाही. आम्ही उभे. माझे गुडघे दुखायला लागले. गुरव म्हणाला, "विचार करतेय ती. चहा घेऊन या."

चहा घेऊन आलो, तरी विचार चालूच. मला त्या देवीचा राग आला नाही, उलट जवळचीच वाटली. तिलाही काही आठवत नव्हतं.

"आई, नक्की इथे नाही ना?" मुलाने गाडीत विचारलं.

"टाइल्समुळे गोंधळ होतोय रे."

दुसऱ्या दिवशी गाडी फेरीबोटीत घालून खाडी ओलांडली आणि खाली खाली हर्णैपर्यंत गेलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, अलीकडे पडका कोट, मासळीचा वास, आणि एका बुरुजाशी मातीत अर्धी रुतलेली तोफ. मी तोफेवर जाऊन बसले. नातवाने फोटो काढला. मी समुद्राकडे पाठ केली, मग तोंड केलं, मग परत पाठ. काही म्हणजे काही होईना.

"आजी, काही फील होतंय?" नातवाने विचारलं.

"तापलीय. तेवढंच होतंय."

तरी तिथल्या देवीकडे गेलो, कारण तिची भिंत पिवळी होती, अगदी हवी तशी. नंतर कळलं, गावातल्या निम्म्या घरांनी त्याच वर्षी तो रंग लावला होता. इथल्या गुरवाने कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उजवी कळी टपकन पडली. नातसुनेने पिशवी पुढे केली. नारळ तिच्या हातात, खण माझ्या.

आणि माझा मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "पंखा चालू आहे."

भिंतीवरचा पंखा खरंच फिरत होता, आणि नेमका त्याच बाजूने. गुरवाने पंखा बंद केला, नव्या कळ्या लावल्या. डावी पडली.

"आता तिसरा लावा ना काका," नातू म्हणाला. "एक-एक झालंय."

"ही काय मॅच आहे?" गुरव भडकला. "देवीला एका बैठकीत दोनदा विचारलं तेच जास्त झालं."

"मग आधीचा धरायचा की नंतरचा?" मी विचारलं.

"ते तुमच्या श्रद्धेवर."

माझी श्रद्धा त्या क्षणी पंख्याभोवती फिरत होती. खण मी पिशवीत परत ठेवला. गुरवाला वाईट वाटलं असणार, पण एकच खण होता, काय करणार.

संध्याकाळी किनाऱ्यावरच्या एका घरगुती खानावळीत उतरलो. जेवून अंगणात बसलो होतो. रजेचे दोन दिवस संपले होते, उरला फक्त शनिवार-रविवार. म्हटलं, पुरे झालं.

"अरे, मला काही आठवत नाहीये. तेव्हाही बघितलं नव्हतं. चपलेकडे बघत होते."

मुलगा बडीशेप चघळत होता. "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"बाबांनाही आठवत नव्हतं. म्हणून तर माझ्या लग्नानंतरही दरवर्षी पुढच्या वर्षी जाऊ म्हणायचे. मला म्हणाले होते, मी तुझ्या आईची समजूत काढण्यात होतो, देवीकडे लक्षच नव्हतं. पण तिला नक्की माहीत असणार, ती बारीक बघते."

म्हणजे आमचा संसार झाला, मुलं मोठी झाली, हे गेलेसुद्धा, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या भरवशावर एक देवी हरवून बसलो. आणि मला वाटायचं, हे मला तिकडे नेत नाहीत ते माझ्या त्या "एवढंच?"मुळे. मी किती वर्षं तो राग धरला होता. आता तो कुणावर धरायचा, तेही कळेना.

"अरे यार," नातसून हळूच म्हणाली. मग म्हणाली, "आमचं तर सगळं तिकडे सिंधमध्येच राहिलं, आजी. मेरी दादी पाणी दिसलं की हात जोडायची. कल्याणच्या खाडीला पण."

"वालधुनीच्या नाल्याला पण?" नातवाने विचारलं.

"वालधुनीला नाक धरून."

मुलगा हसला. त्या प्रवासात पहिल्यांदाच.

तिसरं देऊळ असं काही ठरवून नव्हतं. दाभोळची खाडी फेरीबोटीने ओलांडून गुहागरच्या पुढे गेलो ते घळ बघायला. खडपाला एक लांब चीर आहे, भरतीचं पाणी तिच्यात घुसतं आणि टोकाला फुटून माणसाच्या वर उडतं. आम्ही पोचलो तेव्हा भरती चढत होती. नातसून कडेला उभी राहिली आणि नखशिखांत भिजली. तशीच निथळत वरच्या देवळात शिरली, कारण तिला ओढणी पिळायला आडोसा हवा होता. मागोमाग आम्ही.

देऊळ पांढरं. तोफ नाही. देवी छोटी, काळ्या दगडाची, चांदीचे डोळे लावलेली. आधीच्या दोन्ही ठिकाणी मला काहीतरी ओळखीचं वाटलं होतं. इथे तेही नाही.

नातसून गुरवाला म्हणाली, "काका, कौल लावायचा आहे. मी विचारू शकते?"

"गाऱ्हाणं मी घालतो. काय विचारायचं ते सांगा. तुमची कुलदेवी का, असंच ना?"

"नाही. ते राहू दे." ती माझ्याकडे बघून थांबली. मग म्हणाली, "मी इथे येत जाऊ का, एवढंच विचारा."

गुरव गोंधळला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मुलाकडे, मुलाने वर. पंखा नव्हता.

गाऱ्हाणं झालं. "होय महाराजा" झालं. आम्ही उभे राहिलो. खाली घळीत पाणी फुटल्याचा आवाज आला आणि त्या धक्क्याने म्हणा किंवा कशाने म्हणा, उजवी कळी घसरली, देवीच्या हातावर टेकली आणि खाली पडली.

"त्या हादऱ्याने," नातू कुजबुजला.

"गप," मी म्हणाले.

ओल्या ड्रेसनेच तिने ओटी भरली. तांदूळ तिच्या ओंजळीला चिकटले. खण मी तिच्या हातात दिला, सासूबाईंचा, आणि तो देवीच्या पायाशी गेला. मला बोट कुठेच दाखवावं लागलं नाही. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं की नाही ते सांगता येत नाही.

गुरव प्रसाद आणायला आत गेला, तसा मुलगा माझ्या कानाशी आला. "आई, मग घरी काय सांगायचं? हीच आपली?"

"आपली आहे की नाही ते मला विचारू नकोस. तिची आहे. ती येईल तेव्हा आपण तिच्याबरोबर यायचं."

"आणि ती दुसरी आपली असली तर?"

"तर तिचा पंखा बंद करायला कुणीतरी जा."

नातसुनेने माझं कोपर धरून मला पुढे ओढलं. "आजी, चष्मा लावा ना. नीट बघून घ्या, नंतर मी विसरले तर?"

मी चष्मा पुसून लावला आणि खूप वेळ बघितलं. नाक थोडं बसकं. कपाळ मोठं. ओठ मिटलेले. चांदीचे डोळे माझ्यावरच. चेहऱ्यावर थोडी नाराजी होती, फार नाही. आमच्यासाठी ताटकळत बसलेल्या बाईची असावी, किंवा भलत्याच घरचे पाहुणे दारात बघून गप्प राहिलेल्या बाईची.