बांबूवरची परात

कापूस मातीमोल झाला त्या वर्षांचा विचार केला की मला पांढरा रंग आठवत नाही. ताज्या खरवडलेल्या तांब्याचा वास आठवतो, जिभेवर उतरणारा, कडवट. आणि त्याच्यासोबत संताप, जो अजून निवलेला नाही.

झरी जामणीकडच्या आमच्या गावात मोबाइल घरात मुकाच असे. टेकडीवर बोलायचा, पण टेकडीवर बाईने एकटीने जायचे नव्हते. बाजारातला भाव घरबसल्या कळावा म्हणून नवऱ्याने अँटेना करायला घेतला. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीची तांब्याची तार काढली. मागे पसरट भांडे लागते असे कुठेतरी ऐकले होते, म्हणून माझी जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, परात उचलली. माझ्या लग्नात माझ्या धाकट्या बहिणीने दिलेली. न विचारता तिच्या मधोमध खिळा ठोकला. त्या ठोक्याचा आवाज मी चुलीपाशी ऐकला.

परात बांबूवर चढली, बांबू अंगणातल्या पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, गंजीत रोवला गेला, तारेचे टोक मोबाइलच्या पाठीवरच्या बुचाखालच्या छिद्रात गेले. दिवसभर नवरा बांबू फिरवत होता आणि सासरे मोबाइलवर सिग्नलची दांडी पाहत होते.

"आली का दांडी, बाबा?"

"नाही आली."

"फिरवतो अजून. ह्या दांडीचं बी कापसाच्या भावासारखंच हाय, कोणाले दिसत नाही."

संध्याकाळी मी तार बोटांत धरली. ती काचेसारखी गुळगुळीत लागली. मोटारीच्या तारेवर लाखेचा लेप असतो. तो न काढताच त्यांनी ती जोडली होती. मी विळ्याने टोक खरवडले. दोन दांड्या आल्या. सासऱ्यांनी मुलाच्या पाठीवर थाप दिली.

मोबाइल ओसरीच्या खांबाला टांगला गेला. मी म्हटले, थोडा आत घेऊ या का. नवरा म्हणाला, "तार पुरत नाही." संपले.

एका बाजाराच्या दिवशी बहिणीचा फोन आला. ती नेरला दिलेली. बाजाराला म्हणून बाहेर पडायची आणि स्टँडवरच्या नाणे टाकायच्या फोनवरून बोलायची.

"ताई, जवळ कोणी हाय काय?"

ओसरीवर सासरे आणि चार माणसे बसली होती. बिडीचा धूर माझ्या तोंडावर येत होता. मी म्हटले, "हो."

"मग तू फक्त ऐक. मले इथून घेऊन जा. काल यानं..."

"सूनबाई, आटपा आता," सासरे म्हणाले. "व्यापाऱ्याचा फोन यायचा हाय." मी हात वर केला, थांबा म्हणून. ते उठले आणि त्यांनी तार उपसली. कानाशी नुसती पोकळी उरली. कोणी हसले, "बायकांचं बोलणं कापसाच्या बोंडावानी, फुटलं की फुटतच जाते." व्यापाऱ्याचा फोन त्या दिवशी आलाच नाही.

आठवडाभर मी लहान ताटलीत पीठ मळले. पीठ काठावरून सांडायचे आणि प्रत्येक वेळी मला तो अर्धा तुटलेला शब्द ऐकू यायचा.

पुढच्या बाजाराच्या सकाळी माणसे शेतात गेली. मी बांबू उपटला. पऱ्हाटीने कोपरापर्यंत ओरखडे आले. घरामागे, स्वयंपाकघराच्या झरोक्याखाली तो रोवला, तार झरोक्यातून आत घेतली आणि खांबावरून आणलेला मोबाइल तिला जोडला. दांडी सांगायला कोणी नव्हते. बांबू वीतभर वळवायचा, आत येऊन पाहायचे, पुन्हा बाहेर जायचे. परात टेकडीकडे तोंड करून उभी राहिली तेव्हा एक दांडी आली, मग दुसरी.

फोन वाजला.

"ताई, कोणी हाय काय?"

"कोणी नाही. बोल."

ती बोलली. डावा हात उचलता येत नाही, म्हणाली. मी तिला पुरते बोलू दिले. शेवटी म्हटले, "घरी परत जाऊ नको. तिथूनच एस. टी. धर आणि माहेरी जा. मी आज निघते."

दुपारी सासरे आले. खांब रिकामा.

"फोन कुठी हाय?"

"चुलीजवळ, मामाजी."

तेवढ्यात तो वाजला. व्यापारीच असावा. सासरे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले. त्या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकले नव्हते.

"आणा इकडं."

"तार पुरत नाही," मी म्हटले.

फोन वाजत राहिला. मग ते वाकले, बुटक्या दारातून आत आले आणि धुरात डोळे चोळत, भिंतीला कान लावल्यासारखे, भाव ऐकू लागले. मी त्यांच्या पाठीमागे प्रवासाच्या भाकरी फडक्यात बांधत होते. जागा अपुरी होती. मी त्यांना सरका म्हटले.