कोरड्या वर्षातली कत्रीनमावशी

कत्रीनमावशीची संध्याकाळची प्रार्थना शेजारच्या तीन घरांत ऐकू जाई. ओसरीवरच्या येशूच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावायची, गुडघे टेकायचे आणि दिवसभराची हकिकत खणखणीत आवाजात सांगायची. मासळी महागली, कोंबडी अंडी घालत नाही, मास्तरीणबाई नीट जेवत नाहीत. मास्तरीणबाई म्हणजे मी. "मावशी, देवाला हळू बोललेलंही ऐकू येतं," मी एकदा म्हटले. ती म्हणाली, "येता गो. पण बाजूक दर्या केदो गाजता, तो बघ."

मी वैभववाडीकडची. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मालवणजवळच्या एका वाडीतल्या शाळेवर माझी नेमणूक झाली आणि मावशीने आपल्या घरातली एक खोली मला दिली. ती विधवा होती, मूलबाळ नव्हते. चार माड आणि दारातली विहीर एवढीच मिळकत. विहिरीवर सगळी वाडी पाणी भरे, मावशी कुणाला नाही म्हणत नसे. शेजारी राहणारा तिचा दीर पास्कू, त्याच्या बायकोलाही नाही. फक्त पास्कूशी ती बोलत नसे. तो समोरून आला की मावशी माडांचे शेंडे बघू लागे.

कारण मला वाडीतूनच कळले. बऱ्याच वर्षांपूर्वी पास्कू आणि मावशीचा नवरा सांतान एका होडीतून मासेमारीला गेले होते. होडी उलटली आणि पास्कू एकटाच परत आला. घडलेले सांगायला तो मावशीकडे गेला, तेव्हा तिने दार लावून घेतले. ते त्याच्यापुरते लागलेलेच राहिले.

मग ते कोरडे वर्ष आले. आदल्या साली पाऊस लवकर गेला होता, आता मृगही कोरडा गेला. बाकीच्या विहिरी मचूळ झाल्या आणि मावशीच्या विहिरीत कळशी बुडेना. कुणी म्हणे, ही देवाची शिक्षा आहे. रविवारी पाद्रींनी पावसासाठी प्रार्थना करायला सांगितले आणि वर म्हणाले, "पण आधी विहिरी उपसा. गाळाने भरलेल्या विहिरीत पाऊस पडून काय उपयोग?" त्यांना बहुधा खऱ्याखुऱ्या विहिरीच म्हणायच्या होत्या.

त्या संध्याकाळी मावशीचा आवाज आला नाही. मी बाहेर आले तर ती गुडघ्यांवर तशीच बसलेली.

"बरं वाटत नाही का?"

"बरां आसा. पण बाय, पावस मागूक तोंडच उघडना नाय. मी दुसऱ्याक माफ करतंय तसां तू माका माफ कर, असां रोज देवाक सांगतंय. आज थंयच जीभ अडाकली."

सकाळी ती मला बरोबर घेऊन पास्कूच्या दारात गेली. तो जाळे विणत होता. मावशी म्हणाली, "पास्कू, माझ्या बांवीत उतरतलंस? गाळ काढूचो आसा."

त्याचे हात थांबले. "उतरतंय, वयनी."

पास्कू आत उतरला. त्याच्या मुलांनी वरून टोपल्या ओढल्या, आम्ही बायकांनी गाळ माडांच्या मुळांशी टाकला. दुपारी तळाशी झरा मोकळा झाला. पास्कू चिखलाने माखून वर आला. मावशीने त्याच्यापुढे पेज आणि सुक्या बांगड्याचे तिखले ठेवले. तो जेवेना.

"वयनी, त्या दिवशी सांतान..."

"आदी जेव."

तो जेवला. मावशी त्याच्यासमोर बसली. "आता सांग."

मी आत गेले. पास्कू फार हळू बोलत होता, मला काही कळले नाही. मावशीला मात्र हळू बोलता येत नसे, म्हणून तिचे एक वाक्य कानावर आले. "इतकी वर्सां ह्यां सगळां तू एकटोच घेवन बसलंस?"

पाऊस आषाढात आला. भात निम्मेच झाले. एकदा मी मावशीला विचारले, "ती खरंच देवाची शिक्षा होती का?"

"शिक्षा कित्याक? भरलेल्या बांवीचो गाळ दिसना नाय, आणि तेत कोण उतरना नाय. देवान थोडो येळ पाणी बाजूक केल्यान."

"आणि पलीकडच्या वाडीतली गुरं पाण्यावाचून मेली, ती?"

मावशी म्हणाली, "तां माका कळना नाय. तां मी तेका अजून इचारतंय."

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी मावशी गेल्याचे कळले, तेव्हा मी वाडीत गेले. पास्कू मला तिच्या थडग्यापाशी घेऊन गेला. शेवटच्या दुखण्यात तोच तिच्या उशाशी बसे.

"जावच्या आदल्या दिसा माका म्हणाली," तो सांगू लागला, "'पास्कू, मी आता सांतानाक भेटतलंय. तुझो काय निरोप आसा?'"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

पास्कूने डोळे पुसले. "म्हटलंय, तेका इतक्याच सांग, वयनी माझ्याशी बोलता."