गुलछडीची ओंजळ

गुलछडी हातात आली की माणसाचे डोळे आपसूक मिटतात. काल सकाळी बांधावर शेजारच्या सुमनकाकूंनी तसेच डोळे मिटून ओंजळ नाकाकडे नेली. देव्हाऱ्यासाठी ती फुलं मीच त्यांना दिली होती. आदल्या संध्याकाळी त्याच वाफ्यावर मी फुलकिड्यांचं औषध मारलं होतं.

"काकू, देवाची फुलं ती! वास घेऊ नये," मी ओरडलो.

काकूंनी जीभ चावली. "अगं बाई, खरंच की! बरं झालं बोललास. तुला एवढं कळतं, आणि मी एवढी म्हातारी."

फुलांवर औषध आहे, एवढंच तर सांगायचं होतं. पण मग देतोस कशाला, असं त्यांनी विचारलं असतं. फुलकिडे मिटलेल्या कळीत दडतात, तिथं औषध पोचत नाही, म्हणून मी दर वेळी थोडं जास्तच घालतो. माझी लबाडीही तशीच दडायला गेली. तिनं तर थेट देवाचाच आडोसा गाठला.

"मनात आलं म्हणजे उष्टीच झाली रे ही," म्हणत काकूंनी ती फुलं बांधावर ठेवली. "दुसरी दे."

मी त्याच वाफ्यातली दिली. त्यांनी ती हात लांब करून, नाकापासून दूर धरली आणि दुसऱ्या हातानं गालावर मारून घेत, देवाची माफी मागत त्या घराकडे गेल्या.