छाननीतली तिसरी मुलगी

मंडळी, मी वकील आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण आज दुपारी पनवेलला उमेदवारी अर्जांच्या छाननीत अंगावर काटा आला, तो अजून गेलेला नाही.

आमची हरकत साधी होती. दोनपेक्षा जास्त अपत्यं असली की ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, आणि समोरच्या उमेदवार बाईंना तिसरी मुलगी आहे. अख्ख्या गावाला ठाऊक आहे. साक्षीला मात्र एकही आला नाही.

बाई निवडणूक अधिकाऱ्यांना शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आमाला दोनच पोरं. ती पोरगी माझ्या जावेची हाय."

जन्मदाखल्यावर जावेचंच नाव. सात वर्षांची ती मुलगी जावेचं बोट धरून बाहेर उभी होती. बाईंचंच कपाळ, बाईंचीच हनुवटी. मी विचारलं, "बाळा, तुझी आई कोण?" तिने पाठ केल्यासारखं जावेकडे बोट दाखवलं.

हरकत फेटाळली गेली आणि बाई बाहेर आल्या. कार्यकर्त्यांनी लगेच रस्त्यावर फटाक्यांची माळ लावली. मुलगी दचकली आणि किंचाळत बाईंकडे धावली. बाईंचे हात लोकांना नमस्कार करायला जोडलेले होते, ते त्यांनी सोडले नाहीत. तिच्याकडे नुसतं पाहिलं.

पोर अर्ध्या वाटेत थांबली. रडणं गिळलं, वळली, आणि सावकाश चालत जाऊन जावेच्या पदराआड उभी राहिली.

तुमच्या घरात सात वर्षांची मुलगी असेल तर सांगा. असं अर्ध्यात थांबायला तिला किती दिवस शिकवावं लागेल?